अण्णांच्या आगरातला साबण

साबण केला की दीड-दोन महिने मुरत ठेवावा लागतो. किस्सा मात्र झाला त्याच दिवशी वापरता येतो! म्हणून आमच्याकडे साबण मोजके आणि किस्से ढीगभर. परवा माझ्या भावाने, प्रकाशने, रोह्याहून फोन करून सहज विचारलं, "ताई, साबणाचं काय चाललंय?" मी सांगायला बसले आणि त्याची धाटावच्या कारखान्याची शिफ्टची बस चुकली. आता तो फोन करताना आधीच सांगतो, "हो किंवा नाही, एवढंच बोल."

आम्ही तिघी. मी शैला. पेणला रामवाडीत राहते, शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते, आता रिटायर. तोंडाने फटकळ आहे, हे दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगते. शेजारी नसरीनभाभी, तिचे मियाँ सौदीला. आणि तिसरी सुगंधा, खाडीकडच्या गावातली. वर्षानुवर्षं ती माझ्या दारात मीठ आणि सुकी मासळी घेऊन यायची.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ती टोपलीशिवाय आली.

"मीठ कुठंय गं?"

"दोन गोणी घरात हायत. बाकीचं कोणी घेतलं नाय ताई. वळवाच्या पावसात वाहून गेलं."

तिचे सासरे, अण्णा, उभा जन्म मिठागरात राबलेले. मीठ कोणी उचललं नाही तशी त्यांनी खाट धरली आणि भिंतीकडे तोंड करून सांगून टाकलं, "दिवाळीनंतर आगर लावणार नाय." दिवाळी झाली की बांध घालायचे, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळ्यांच्या दारातून, भरतीचं पाणी आत घ्यायचं. ती वेळ चुकली की वर्ष गेलं.

"म्हातारा आजारी नाय ताई," सुगंधा म्हणाली, "पण असाच पडून राह्यला तर आमच्या हाती लागायचा नाय. त्याचं मीठ कोणाला तरी पायजे, एवढं त्याला कळलं ना, तरी उठेल." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला फटकळपणा येतो, धीर देता येत नाही. मी आपली चहा ठेवायला आत गेले.

नसरीनभाभीने काय केलं? मोबाईल काढला. "शैलाताई, हे बघा. मिठाचा साबण! अर्धं तेल, अर्धं मीठ. घरात करतात लोक."

असं सुरू झालं.

*

साबणाला कॉस्टिक सोडा लागतो, आणि कॉस्टिक म्हणजे खेळ नाही. प्रकाश केमिकल कंपनीतला माणूस. पहिली शिफ्ट संपवून तो तडक आला, येताना तीन गॉगल आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घेऊन. मागच्या अंगणात आम्हाला ओळीत उभं केलं आणि म्हणाला, "पाण्यात सोडा टाकायचा. सोड्यात पाणी कधीच नाही! म्हणा माझ्यामागून." साठीच्या बाईला बाराखडी म्हणायला लावावी तसं आम्ही तीनदा म्हटलं.

मी प्लॅस्टिकच्या जगमधल्या पाण्यात सोडा टाकला. जग तापला, वर वाफा! तेवढ्यात गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन मागच्या दाराने आला. समोर तीन बाया, डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, मध्ये वाफाळणारा जग, आणि एक पुरुष ओरडतोय, "श्वास घेऊ नका!"

गॅसवाल्याने सिलिंडर हळूच खाली ठेवला, परत उचलला आणि म्हणाला, "काकू, तुमचं काय ते होऊ द्या. मी उद्या येतो."

*

पहिला साबण बनला एकदाचा. खोबरेल तेल जास्त, थोडं एरंडेल. त्यात सोड्याचं पाणी ओतून ताकाच्या रवीने घुसळायचं, पिठल्याइतकं दाट झालं की मीठ घालायचं. सुगंधाने घरच्या गोणीतलं मीठ आणलं होतं. खाडीचं मीठ, हरभऱ्याएवढे खडे! आम्ही तसंच घातलं.

दोन महिन्यांनी पहिली वडी आमच्या ह्यांना दिली. घरात प्रयोगाला माणूस लागतोच. हे आंघोळीला गेले. पाचव्या मिनिटाला आतून आवाज आला, "शैला, हा अंगाला लावायचा की कढईला?"

बाहेर आले तेव्हा पाठ लालबुंद. पण स्वच्छ इतके, की लग्नातसुद्धा मी त्यांना एवढं स्वच्छ पाहिलं नव्हतं. त्यानंतर आम्ही मीठ वाळवून, मिक्सरमधून काढून, चाळून घ्यायला लागलो.

*

मिठाच्या साबणाची एक खोड आहे. साधा साबण दुसऱ्या दिवशी कापला तरी चालतो. हा तास-दीड तासात दगड होतो! व्हिडिओवाल्या बाईने हे सांगितलं होतं म्हणे, पण नेमकं तेव्हा आमच्याकडची लाईट गेली होती.

नसरीनभाभीच्या घरी लांब ट्रेमध्ये साबण ओतला आणि आम्ही जेवायला बसलो. तिच्याकडे जेवायला बसलं की दोन तास उठता येत नाही, ती उठूच देत नाही. हात धुऊन बघतो तर ट्रेमध्ये फरशी! सुरी लावली, कडा भुगा होऊन पडल्या. शेवटी भाभीने हातोडी आणि छिन्नी काढली.

त्याच वेळी सौदीहून व्हिडिओ कॉल. भाभीने एका हाताने फोन घेतला, दुसऱ्या हातात हातोडी.

"घरात काय तोडतेस गो?"

"साबण कापतेय!"

मियाँनी फोनजवळ तोंड आणून ती फरशी न्याहाळली. ते बांधकामावर सुपरवायझर. म्हणाले, "नसरीन, आमचं काँक्रीट दोन दिवसांत पण एवढं धरत नाय. त्यात काय काय टाकलंस, मला लिहून पाठव!"

*

मग ठरलं की ट्रे नको, एकेक वडीचा साचा हवा. आणि इथे मी माती खाल्ली. घरात उकडीच्या मोदकांचे सहा साचे पडून होते. म्हटलं, वा! मोदकाच्या आकाराचा साबण! ओतला. थोड्या वेळाने साच्यांतून बारीक बुडबुडे यायला लागले. साचे काळे पडले, साबण करडा. साचे अ‍ॅल्युमिनियमचे, आणि कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातो, हे शाळेतल्या पोरालासुद्धा माहीत असतं.

प्रकाशला फोन केला. तो पहिल्यांदा हसला, मग पोटभर हसला. "ताई, तीस वर्षं प्रयोगशाळेत काय शिकवलंस?"

"शिकवायचे ते सर. मी बाटल्या धुवायचे!" म्हटलं, आणि फोन आपटला.

*

पेणमध्ये साचा मागायला गेलं की गणपती आडवा आल्याशिवाय राहत नाही. आमच्या गल्लीतला मूर्तिकार रबराचे साचे स्वतः करतो. ऐन हंगामाचे दिवस, त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. म्हणाला, "काकू, नवा साचा गणपतीनंतर. आता जास्तीचे आहेत ते न्या." घरी येऊन बघितलं तर बारा उंदीर! हात जोडलेले, शेपटी गुंडाळलेले.

गरज होती, ओतले. साबण इतके सुबक निघाले की आम्हालाच हेवा वाटला. चार घरी वापरायला दिले. महिन्याने एकीला विचारलं, "कसा वाटला? फेस येतो ना?"

"अहो ताई, अंगाला घासायला मनच होईना. गणपतीपुढे ठेवलाय. रोज हळदकुंकू लावते."

चारही घरी तीच तऱ्हा. चार उंदरांपैकी एकानेही आंघोळ बघितली नाही!

*

रोह्याला महिलांच्या वस्तूंचं प्रदर्शन लागलं, दसऱ्यानंतर. तोवर साधे गोल साचे मिळाले होते. आम्ही तिघी पेणहून गाडीत बसलो, मांडीवर साबणाचे खोके. पुढचं स्टेशन येईपर्यंत डब्यातल्या सगळ्या बायकांनी साबण हुंगून परत दिले होते.

प्रदर्शनात एक गृहस्थ आले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. साबण उलटासुलटा करून म्हणाले, "अंगाला मीठ चोळायचं? आम्ही काय खारे बांगडे आहोत?"

माझ्या जिभेवर उत्तर आलंच होतं, पण सुगंधा, जी कधी चारचौघांत तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "दादा, मीठ लावलेला बांगडा वर्षभर टिकतो. बिनमिठाचा संध्याकाळी वास मारतो!"

गृहस्थांनी चार साबण घेतले. आणि तिथल्या एका दुकानदाराने ते बघून विचारलं, "महिन्याला शंभर द्याल का?" सुगंधा माझा हात इतका दाबून उभी होती की माझ्या बांगड्या रुतल्या. परतीच्या गाडीत ती एवढंच म्हणाली, "ताई, आता म्हाताऱ्याला सांगायला पायजे." मला खूप बरं वाटलं. एवढं बरं मला पेन्शनच्या पहिल्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

*

आता शेवटचा किस्सा. ह्यात गुन्हा माझा आहे, आधीच कबूल करते.

श्रावणात सुगंधाकडचं मीठ पार ओलं झालं होतं. वाळत नाही, मिक्सरमध्ये फिरत नाही. माझं डोकं फिरलं. त्या दिवशी सुगंधा आली नव्हती. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून बारीक मिठाच्या पुड्या आणल्या आणि एक घाणा त्यावरच उरकला. कोणाला सांगितलं नाही. साबणाला कुठे कळतंय?

दिवाळी झाली. अण्णा खाटेवरच. बाजूच्या आगरांत बांधाची कामं सुरू झाली, अण्णांचं आगर तसंच. मग आम्ही तिघी खाडीवर गेलो, शंभर साबणांची बातमी घेऊन. हाताला आला तो साबण मी पिशवीत टाकला.

अण्णा भिंतीकडे तोंड करून होते. सुगंधाने सगळं सांगितलं. दुकानदार, शंभर साबण, दर महिना. "अण्णा, आपल्याच मिठाचा साबण हाय. लोकांना पायजे. आगर लावा ओ."

म्हातारा वळलासुद्धा नाही. "शहरातल्या बायांची हौस. चार दिवस करतील न् सोडतील."

मी बोलणार होते, भाभीने मला चिमटा काढला. सुगंधाने साबण त्यांच्या हातात ठेवला. अण्णांनी तो उजेडात धरला, नखाने खरवडला. आणि आम्हाला कळायच्या आत जिभेला लावला!

"अण्णा, साबण हाय तो!" सुगंधा ओरडली.

अण्णांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. परत एकदा चाटला. खाटेखाली थुंकले. आणि कितीतरी महिन्यांनी उठून बसले.

"हे मीठ आपलं नाय."

"आपलं मीठ मागनं जरा कडू लागतं," ते म्हणाले. "हे दुकानातलं हाय. कोणी घातलं?"

तीस वर्षं हेडमास्तरांना भ्यायले नाही, त्या हाडकुळ्या म्हाताऱ्याला भ्यायले. "मी घातलं अण्णा. तुमचं ओलं होतं. पुडीतलं घातलं एकदाच."

अण्णा उभे राहिले. आणि आवाज? बापरे! "दारात आगर असताना माझ्या सुनेच्या साबणात पुडीचं मीठ? उद्या आख्ख्या खाडीवर बोंब होईल, ह्याच्या घरात मीठ पिकत नाय म्हणून! सुगंधे, माझं फावडं कुठं ठेवलंस गो?"

"मागल्या पडवीत," सुगंधा कशीबशी म्हणाली.

म्हाताऱ्याने डोक्याला टॉवेल गुंडाळला, फावडं खांद्यावर टाकलं आणि बांधाच्या दिशेने चालायला लागला. जाताना उघाडीच्या फळ्या कुजल्या असतील म्हणून शिव्या घालत होता, ते लांबवर ऐकू येत होतं.

सुगंधा माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी. म्हटलं, आता माझी धडगत नाही, चांगली खरडपट्टी निघणार.

पदराने डोळे पुसत तिने विचारलं, "ताई, ती पुडी कुठल्या दुकानातली? एक घरात भरून ठेवते!"