शटर उघडं होतं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलतोय—ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मी चौसाळ्याला शाळेत शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत रोषणाई केलेली जुनी देवळं, वेशी, बारवा यांचे फोटो काढायचा मला नाद. परळीपासून लिंबागणेशपर्यंत कुठंही दिवे लागले की मी कॅमेरा आणि स्टँड घेऊन हजर. लोक कौतुक करायचे. ते गोड लागायचं, खोटं कशाला बोलू?

आमच्या गावाबाहेर पायऱ्यांची जुनी बारव आहे. धनत्रयोदशीला सगळं गाव तिथं पणत्या लावतं. त्या वर्षी पाऊस चांगला झालेला, बारव तुडुंब. मीच खुशीत येऊन दादाला, माझ्या थोरल्या भावाला म्हणालो होतो—पाणी खोल आहे, दिवे दुप्पट दिसतील. लोक घरी गेल्यावर आम्ही दोघंच थांबलो. खालच्या पणत्या विझत होत्या, म्हणून दादा तेलाची किटली घेऊन उतरला.

अंधारातल्या फोटोला शटर तीस सेकंद उघडं ठेवावं लागतं. मी ते उघडलं आणि वरून ओरडलो, हलू नको. शेवाळलेल्या पायरीवर, एक पाय पुढं टाकलेला, तो तसाच उभा राहिला. लहानपणापासून माझं प्रत्येक खूळ त्यानं असंच सांभाळलं होतं.

मग पाय घसरला.

"हात दे रे नाना."

दादाला पोहता येत नव्हतं. मला येत होतं. टॉर्चही माझ्या हातात होती. पण ती लावून खाली धावलो असतो, तर फोटोत उजेडाची रेघ आली असती... किती उरले होते? दहा सेकंद? पंधरा? मी शटर मिटायची वाट पाहिली. हो—वाट पाहिली. मग पळालो. तोवर हाक थांबली होती.

सगळ्यांना सांगितलं, आवाज ऐकताच उडी टाकली.

तो फोटो वहिनीनं मागून घेतला, घरात लावला. त्यात पायरीवर दादा आहे—पुसट, अंगातून मागचे दगड दिसणारा. निम्मा वेळ उभा राहून नाहीसा झालेला माणूस असाच उमटतो. कॅमेरा कळणाऱ्याला एका नजरेत कळेल की त्यानंतरही शटर उघडं होतं, आणि खाली दुसरं कुणी उतरलं नाही. वहिनीला कॅमेरा कळत नाही.

मला माझी किळस येते. येऊन काय उपयोग?

पाडव्याला ती त्या फोटोला ओवाळते. तिला भाऊ नाही, म्हणून भाऊबीजेला मला.

"तुमी जिवाचा इचार केला न्हाई, भावजी," यंदाही म्हणाली.

मी टोपी घालून पाटावर बसलो होतो. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं. मी ताटात साडी ठेवली.