ताईंची तेलं, चिनी घड्याळ आनि गप्प सावंत

किस्से एकेकटे येत नायत. एक सांगायला बसलो का त्याच्या मागं दुसरा उभा, दुसऱ्याच्या मागं तिसरा. रेशनच्या लाइनीसारखं. कोन मागं हटत नाय. त्यात ताईंच्या खोलीचे किस्से तर इतके, का मी मरेन तेवा पन अर्धे लाइनीतच असतील.

आमचं घर शिरवण्याला, नेरूळजवळच्या जुन्या गावात. पुढली खोली मी शुभाताईंना भाड्यानं दिली होती. ताई म्हंजे रिटायर नर्स, राहायला खारघरला. नोकरी संपल्यावर त्या दोन गोष्टी शिकल्या. अंगावरच्या चिनी जागा कशा दाबायच्या, आनि कुठल्या दुखन्याला कुठल्या तेलाचा वास द्यायचा. लव्हेंडर, पुदिना, संत्रं, निलगिरी. इत्तुशा बाटल्या, नखाएवढी झाकनं. मी तिथं झाडू मारायचो, पेशंटचे नंबर लावायचो आनि मस्करी करायचो. पगार पयल्या दोन कामांचा.

आता त्या खोलीत मोबाइल रिपेरिंगवाला बसतो. ताई मुलाकडं नाशिकला गेल्या. पन उन्हाळ्यात भिंत तापली का अजून लव्हेंडरचा वास सुटतो, न मी जाऊन भिंतीला नाक लावतो. बायको बोलते, "मुका घ्यायला भिंतच गावली?"

*

ताई पेशंटला समजवायच्या, "शरीरात नद्या असतात. त्यातून 'ची' वाहते. ची म्हणजे आपला प्राण. ती अडली की दुखतं."

पेशंट मान हलवायचे, पन डोळे कोरे.

माझी वीस वर्सं मिठागरात गेली. मी बोल्लो, "ताई, नदी बोलता म्हनून घोटाळा होतो. सोपं हाय. खाडीचं पानी बांधाच्या दारातून आत येतं. या वाफ्यातून त्या वाफ्यात जातं. दार तुंबलं का इकडं पानी सडतं न तिकडं कोरडं ठाक पडतं. ताई बोटानं दार उघडतात. बस."

नेरूळच्या एक बाई होत्या. त्यांचा चेहरा एकदम फुलला. "आत्ता समजलं. म्हणजे मी आजपासून मीठ बंद."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. "मामा, तुम्ही नंबर लावा."

*

आता सावंत.

सावंत माझा तीस वर्सांचा दोस्त, मागल्या गल्लीत राहायचा. कनकवलीचा मानूस. सरकारी हापिसात नकाशे काढायचा. इथले रस्ते आधी त्याच्या कागदावर झाले, मग जमिनीवर. आमच्या खाचरातून पयला रस्ता गेला तो पन त्यानंच आखलेला. मी त्याला शिव्या द्यायला गेलो न चहा पिऊन आलो. तेवापासून दोस्ती. सगळे मला मामा बोलतात, हऱ्या बोलनारा तो एकटाच.

त्याची बायको सुलभा वहिनी गेली, न सावंत गप्प झाला. रडला नाय. बोलला नाय. नुसता कोरडा खोकला. डाक्टरनं फोटो काढला छातीचा, साफ. शेवटी त्याची मुलगी मनाली त्याला ताईंकडं घेऊन आली.

ताईंनी नाडी बघितली. मनगटाला तीन बोटं लावून लय वेळ बसल्या. मग बोल्ल्या, "चिनी वैद्य मानतात, राग लिव्हरमध्ये राहतो, भीती किडनीत, आणि दुःख फुप्फुसात. यांचं तिथंच बसलंय. त्याला बाहेर पडायला वाट हवी."

मनाली बोल्ली, "ताई, मी दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर बाबांना खारघरला घेऊन जाते. एकटे नाही ठेवणार."

तिचा फ्लॅट चौदाव्या माळ्यावर. सावंतला तिथं गप्पांना बोलवायला कोन हऱ्या येनार? सावंत तिथं गेला असता तर मला पन 'हऱ्या' म्हनून हाक मारनारं कोन उरलं नसतं.

मी ताईंना बाजूला घेतलं. "तुमी त्याला रडवा. मी हसवतो. बघू कोन जिंकतो."

ताई बोल्ल्या, "मामा, दोन्हीतलं काहीही आलं तरी मी पेढे वाटीन."

तेवापासून सावंत रोज यायचा. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचा. ताई त्याच्या मनगटाजवळची फुप्फुसाची जागा दाबायच्या, संत्र्याच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा हातात द्यायच्या. तो बोळा नाकाशी धरून बसायचा, न माझे सगळे जोक त्याच्या अंगावरून घसरून खाली पडायचे.

*

भिंतीवर ताईंनी एक मोठं गोल चित्र लावलेलं. चोवीस तासांचं घड्याळ. चिनी लोकांचं म्हननं, दर दोन तासांनी शरीरातला एकेक अवयव ड्युटीवर येतो.

दगडू म्हनून एक माथाडी यायचा, साताऱ्याकडला. एपीएमसीला भाजीच्या गोनी उचलायचा. कंबर धरलेली.

ताई बोल्ल्या, "पहाटे तीन ते पाच फुप्फुसाची वेळ. तेव्हा गाढ झोप पाहिजे."

"ताई, त्या टायमाला माझ्या पाठीवर पन्नास किलो कोबी असतोय."

"बरं. सात ते नऊ पोटाची वेळ. तेव्हा पोटभर नाश्ता करायचा."

"तवा मी झोपतोय."

"अकरा ते एक हृदयाची."

"तवा बी झोपतोय."

ताई चित्रावर बोटानं पुढली वेळ शोधायला लागल्या. दगडू त्यांची समजूत घातल्यासारखा बोलला, "तुमचं चुकत न्हाय ताई. ह्यो चिनी मानूस कधी मार्केटात आला नसंल."

दुसऱ्या दिवशी ताईंनी खरंच दगडूसाठी ते चित्र उलटं टांगलं. बाकीच्या पेशंटना मी दारातच सांगत होतो, "आज सगळं उलटं चालू हाय. पोटाला विचारूनच आत जा."

खोली हसली. सावंत खोकला.

*

मग मी जरा जास्तच केलं.

सावंतच्या रुमालावर पुदिन्याचं तेल टाकलं. थेंब दोन बोल्लो होतो मनात, पडलं अर्धी बाटली. त्यानं तोंड पुसलं न डोळ्यांतून धारा.

ताई खुर्ची सोडून धावल्या. "आलं, आलं! येऊ द्या सावंत, अडवू नका."

सावंत हातानं नाय नाय करत होता. ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, त्यांचे पन डोळे भरले. मग त्यांना रुमालाचा वास आला.

मला असं झापलं का सोडा. "तेल असं कच्चं कधी लावायचं नसतं. थेंबभर, तेही खोबरेल तेलात मिसळून. डोळा गेला असता त्यांचा."

मी बोल्लो, "ताई, राग लिव्हरमध्ये राहतो ना? ते लिव्हर दाबायची जागा कुठं?"

ताईंनी मला बसवलं. पायाचा अंगठा न त्याच्या बाजूचं बोट, त्यांच्या मधल्या खाचेत असा अंगठा रोवला का माझी किंकाळी शिरवण्याच्या वेशीपर्यंत गेली.

"ताई, पन राग तर तुमाला आलाय."

"हो," ताई बोल्ल्या. "गेला आता."

सावंतनं पानी मागितलं. त्या महिन्यात तो तेवढंच बोलला.

*

एकदा खारघरहून एक मॅडम आल्या. गॉगल डोक्यावर, हातात पान्याची लांब बाटली. डोळे मिटून बेडवर पडल्या. ताईंनी लव्हेंडर लावलं, खिडकी उघडली.

मॅडम बोल्ल्या, "ताई, ह्याच्या मागे अजून एक वास येतोय. डीप आहे. खारट. एकदम जमिनीशी जोडल्यासारखं वाटतंय. कुठलं ऑइल?"

ताईंचं तोंड पडलं. माझी बायको काशी खिडकीच्या बाहेर काठीवर वाळत घातलेलं खाली-वर करत होती. तिनं मुंडी आत घातली.

"बोंबील हायत. देऊ पाव किलो?"

मॅडमनी अर्धा किलो नेले.

मी हसून हसून दाराला धरून बसलो. वळून कोपऱ्यात बघितलं. सावंत बोळा नाकाशी धरून बसलेला. गनपती होऊन गेले होते, दिवाळी तोंडावर. मनालीनं त्याच्या कपड्यांसाठी नवी बॅग पन आनली होती.

त्या दिवशी पयल्यांदा मला वाटलं का आपन हरनार.

*

तो रविवार होता. ताई येनार नव्हत्या, चावी माझ्याकडं. दुपारी माझ्या पुतन्याच्या पोरीचा साखरपुडा, म्हनून मी सकाळीच आंघोळ करून नवा शर्ट घालून बसलेलो. सावंत नेहमीसारखा आला. सुट्टीचं त्याला कोन सांगनार? मी त्याला बोळा करून दिला. लव्हेंडरची बाटली उघडी होती, बेड रिकामा होता. बोल्लो, पाच मिनटं पडतो. पालथा पडलो, बेडला तोंडासाठी भोक असतं त्यात तोंड घातलं न झोप लागली. झोपेत टकलावर माशी चालल्यासारखं वाटलं. मी कुशीवर वळलो. परत झोपलो.

उठलो तर सावंत गेलेला. साखरपुड्याला उशीर झाला म्हनून पळालो.

काय सांगू, तिथं माझी काय इज्जत. पुढून कोन बघत नव्हतं, पन मी जाईन तिकडं मागली मानसं हसत होती. बेंजो लागला, मी नाचलो. लोक माझ्या मागं गोल करून उभे. एक पोरगी मागून मोबाइलवर फोटो काढत होती. मला वाटलं, म्हाताऱ्याची कंबर अजून शाबूत हाय, बघू देत. व्याह्यांचा बाप एवढा गंभीर मानूस, तो पन माझ्या मागं येऊन जेवायला बसला.

घरी आलो. काशी बोल्ली, "तुज्या मागं कोन हाय?"

"कोन नाय."

तिनं मोबाइलवर फोटो काढून दाखवला. माझ्या टकलाच्या मागच्या बाजूला मीच होतो. हसनारा. पुढले दोन दात नाय ते नाय, मिशीचा एकेक केस बरोबर, गालावरची खळी पन. ताई पेशंटच्या अंगावर जागांच्या खुना करायच्या, त्या निळ्या पेनानं काढलेलं. एकच डोळा होता. दुसऱ्या डोळ्याच्या जागी नुसती रेघ, कानापर्यंत गेलेली.

मी तसाच मागल्या गल्लीत गेलो. दार सावंतनंच उघडलं. मी तोंड उघडायच्या आधी त्यानं खांदा धरून मला पाठमोरा फिरवला.

"बस," तो बोल्ला. "एक डोळा राहिलाय. कूस बदललीस तू."

मी उंबऱ्यावर बसलो. तो मागं बसला. पेनाचं टोपन निघाल्याचा आवाज आला. टकलावर पेन चालायला लागलं, सावकाश, नकाशावर चालतं तसं. मग थांबलं. त्याचा डावा हात माझ्या डोक्यावर होता, तो हलायला लागला. मागून आवाज येत होता, हसन्याचा का रडन्याचा ते कळंना. मानेवर गरम थेंब पडले, दोन का तीन.

"हलू नको रे हऱ्या."

मी हललो नाय.