आप्पांची जोडलेली सही

आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मराठीत झकास सही करता येत होती. पण एकदा त्यांना ती इंग्रजीत करावीशी वाटली आणि पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

एकाहत्तर सालची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटीची नवी इमारत झाली होती. (इमारत म्हणजे एक खोली आणि पुढे ओटा.) उद्घाटनाला नगरचे साहेब येणार होते आणि अध्यक्ष होते आप्पा. समारंभात शेरेबुकात आधी अध्यक्षांनी सही करायची, मग साहेबांनी. आप्पांनी मला नगरच्या कॉलेजातून तातडीनं बोलावून घेतलं.

"सायबाच्या सहीच्या वर माझी सही येनार. ती विंग्रजीत पायजे. आन् जोडून! सुटी अक्षरं पोरंसोरं काढत्यात."

"मराठीत केली तर काय हात मोडतो का?" आई चुलीपासून म्हणाली.

"सगळा गाव बघनार हाय! तिथं हसू नाय झालं पायजे."

मी शिकवायला बसलो. (घरात इंग्रजी जाणणारा मी एकटाच, त्यामुळे माझी परीक्षा घेणारं कुणी नव्हतं.) त्या काळी शाळेत एबीसीडी एक नव्हती, चार होत्या: छापील मोठी, छापील छोटी, लिपीतली, म्हणजे जोडून लिहायची, मोठी आणि लिपीतली छोटी. पहिल्या तीन आप्पांनी झटक्यात उरकल्या. चौथीला ते थबकले.

"ह्यो कोन?"

"एम."

"एमला वर दोन शेंडं हुती. ही तीन वशिंडं कुठनं आली?"

"जोडताना येतात, आप्पा."

"का?"

याचं उत्तर मला बी.ए. होईपर्यंत मिळालं नाही. मी ठोकून दिलं, "एकमेकांना जोडून राहायचं म्हणजे प्रत्येकाला थोडं बदलावं लागतं."

"व्हय बाबा," आई म्हणाली, "मी ह्या घरात आले तवा माझं काय झालं!"

"एवढा मोठा इंग्रज," आप्पा हताशपणे म्हणाले, "पन त्याला एकदा काय ते ठरवता येईना?"

शेवटी मी अक्षरांचा नादच सोडला. पाटीवर इंग्रजीत 'नामदेव' असं सलग काढून दिलं. "गिरवा. हात उचलायचा नाही!" आप्पांनी पाटी झिजवली. कुठलं अक्षर कुठं संपतं याचा त्यांना पत्ता नव्हता, पण सही अशी धावायची, जणू उताराला लागलेली बैलगाडी!

समारंभाच्या दिवशी शेरेबुक उघडलं. गाव ओट्यावर वाकला. आप्पांनी पेन टेकवलं, गाडी सुटली आणि मधल्या वशिंडावर असतानाच साहेब म्हणाले, "नमस्कार, आप्पासाहेब!"

आप्पा रीतभात जाणणारे. त्यांनी पेन उचलून हात जोडले. झालं! परत टेकवायचं कुठं? त्यांनी खाली नव्यानं सुरुवात केली. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "अध्यक्ष, इकडं बघा!" आप्पांनी बघितलं. पानावर दोन अर्धे नामदेव झाले. मागून कुणीतरी खुसखुसलं.

"ये रं हिकडं!" आप्पा घामाघूम होऊन मला म्हणाले. "हितनं फुडं कुठं जायाचं?"

मी कॉलेजच्या ऐटीत पुढं झालो. वशिंडावर पेन टेकवलं आणि हात हलेना! हे पहिलं की दुसरं? मी बोटांवर वशिंडं मोजायला लागलो.

"अहो, तुम्हाला अक्षरं येतात ना?" साहेबांनी मला विचारलं.

"येतात, पण सुटी येतात."

"मग पहिल्यापासून काढा! मला पुढं राजूरला जायचंय."

मी डोळे मिटून हात मोकळा सोडला. एका दमात सही पूर्ण झाली! डोळे उघडून पाहतो तर खाली एक झोकदार रेघ मारलेली ती सही माझी होती. कॉलेजच्या प्रत्येक तासाला वहीच्या मागं घोटलेली.

"वा! अध्यक्षांची सही म्हणजे अशी पाहिजे!" साहेब म्हणाले आणि तिच्याखाली मेलेल्या अळीसारखी आपली सही ओढून जीपमध्ये बसले. जोडलेलं वाचता येणारा गावात कुणीच नव्हता. टाळ्या पडल्या, आप्पांनी फेटा सावरला.

तेव्हा कागदोपत्री त्या इमारतीचं उद्घाटन माझ्या अध्यक्षतेखाली झालेलं आहे. त्यानंतर आजवर मला कुणीही कशाचंही अध्यक्ष केलेलं नाही.