टायरवरचे सहा आकडे

सातवीत शाळा सोडलेला मी अठराव्या वर्षी लातूरहून वाशिंदला आलो होतो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात स्टोअरच्या नोकरीसाठी गुणाकाराची परीक्षा होती. सायकलचं पंक्चर काढून घेताना मी पाढे पुटपुटत होतो. ते ऐकून पंक्चरवाल्या काकांनी जुन्या टायरवर खडूनं गोल लिहिलं: १४२८५७.

"तिनानं गुण."

भीतभीत गुणलं. ४२८५७१.

"आता टायरवर चारापासून वाच."

तेच आकडे, त्याच क्रमानं! सहापर्यंत कशानंही गुणा, फक्त सुरुवात बदलायची.

"आता सातानं गुण," काका म्हणाले.

सगळे नऊच आले. "चुकलो, काका!"

"नाय रे, बरोबर हाय. तुला बरोबर आलेलं पण पटत नाय!"

परीक्षेत एक उत्तर खोडायला पेन उचललं, काका आठवले, पेन खाली ठेवलं. नोकरी लागली. आजही मालाचे आकडे दोनदा तपासतो. तिसऱ्यांदा नाही.