हात वर करा, डॉक्टर

दीड महिन्यापूर्वी कंधारहून गणपतआबांच्या सुनेचा फोन आला. "सर, आबा गेले," ती म्हणाली, आणि मी काही विचारायच्या आत घाईनं पुढं बोलली, "पोटाचं काही नव्हतं बरं का. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच न्हाईत." वाईट वाटलंच. पण तिच्या त्या दुसऱ्या वाक्यानं मला केवढा अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. अकरा वर्षं कर्करोगाला आबांच्या जवळ पुन्हा फिरकू दिलं नव्हतं आम्ही...

आबा कंधारच्या बसस्थानकाजवळ शर्ट-पायजमे शिवायचे. गुदाशयाचा कर्करोग घेऊन नांदेडला माझ्याकडे आले, तेव्हा दुर्बिणीनं मोठ्या शस्त्रक्रिया करायला लागून मला फार दिवस झाले नव्हते. गुर्मी मात्र भरपूर होती. गाठ बरीच खाली होती. मी दोन वाटा सांगितल्या. एक, गुदद्वारासकट सगळं काढायचं आणि शौचासाठी पोटावर कायमची पिशवी. यात जोखीम कमी. दुसरी, गाठीचा भाग काढून वरचं आतडं खाली आणून जोडायचं. पिशवी काही महिनेच, पण जोड सुटला तर जिवावर बेतणार. पिशवी लावून कितीतरी लोक कामं करतात, हेही सांगितलं. आबा बधले नाहीत. "मला मशिनीवर वाकून बसायचं हाय. जोडाच तुम्ही," म्हणाले, आणि लगेच, "पण आतडं पुरंल का?"

"ओढलं की पुरतं," मी म्हणालो.

आबा चष्म्यावरून बघतच राहिले. "ओढून शिवू नका, डॉक्टरसाब. बगलंत कापड ओढून शिवलं तर उभ्या माणसाला शर्ट लई झ्याक दिसतो. त्यानं हात वर केला की उसवतो. आधी वरून मोकळं सोडावं लागतं." एका शिंप्यानं मला टाके शिकवावेत, याचा तेव्हा रागच आला होता.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पोटावरच्या पाच छोट्या छिद्रांतून काम सुरेख चाललं. गाठीचा भाग सुटा झाला. वरचं आतडं खाली आणलं, ते पोचलंही. पण पडद्यावर ते तटतटलेलं दिसत होतं, टोक जरा फिकं. तसंच जोडून टाकायचा मोह झाला. वर प्लीहेपाशी आतड्याचं वळण असतं. ते सोडवलं की आतडं सैल होतं, पण तासभर जास्त लागतो, आणि प्लीहेला धक्का लागला तर रक्त आवरत नाही. भूल देणाऱ्या मॅडम लातूरच्या, बोलायला रोखठोक. "पोचलंय ना? मग थांबलात कशाला?"

"हात वर केला की उसवेल," मी म्हणालो.

"सर, तुमची शुगर कमी झाली का?" त्यांनी काळजीनं विचारलं.

मी दुर्बीण वर प्लीहेकडे नेली. वळण सोडवलं. आतडं आपसूक ओटीपोटात येऊन विसावलं, टोक गुलाबी झालं... आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. जोड टिकला. तीन महिन्यांनी पिशवीही गेली, आणि आबा मशिनीवर बसले.

पुढच्या तपासणीला ते पांढरा शर्ट घेऊन आले. माप कधी घेतलंत, म्हटलं तर म्हणाले, "तुम्ही माझं पोट तपासून राहिले हुते तवा." तिथंच घालायला लावला. "आता हात वर करा, डॉक्टर." पोलिसांनी पकडल्यासारखा मी दोन्ही हात वर करून उभा, आणि दारातून पेशंट हसतायत. आबा मात्र हसले नाहीत. बगलेची शिवण बोटानं चाचपली आणि म्हणाले, "हाव. बसला."

परवा कंधारला सुनेला भेटायला जाताना तोच शर्ट घातला. कॉलर विरलीय, पोटही माझं सुटलंय. निघण्यापूर्वी आरशासमोर उभा राहिलो आणि दोन्ही हात वर केले. कुठंही ओढलं नाही.