गोळा हवेत असताना

दुपारच्या जेवणानंतर दौलतआबा खाटेवर पडले आहेत, पण झोप दाराशी आलेल्या पाहुण्यासारखी आत येऊ की नको करते आहे. डोळा लागतो, पाय झटका देतो, डोळा उघडतो. पलीकडच्या खोलीत नात अनुजा टेबलावर काळा कापडी पट पसरून बसली आहे. पटावर पुठ्ठ्याची यानं. दोन मैत्रिणींना घेऊन ती अंतराळातल्या लढाईचा खेळ तयार करते आहे. आबा अठरा वर्षं तोफखान्यात होते, म्हणून जेवण होताच तिनं त्यांनाच पकडलं होतं.

"एवढ्या जवळून लढतात होय गं?" यानांमधलं वीतभर अंतर बघून आबा हसले होते. "मग तोफा कशाला? दगड मारतील की एकमेकांना."

"तेच तर, आबा! सिनेमात शत्रू खिडकीतून दिसतो. खरं तर चंद्राइतकं अंतर मधे असेल. तिथून जे दिसतं तेसुद्धा सव्वा सेकंद शिळं. गोळा पोचायला तर तासन्‌तास. तोवर समोरचा कुठल्या कुठे गेलेला. म्हणून मी नियम केलाय. सोडलेला गोळा चार डावांनी पडणार, आणि मधे तो परत बोलवता येणार नाही." मग तिनं सहज विचारलं, "तुमचा गोळा किती वेळ हवेत असायचा? तेवढ्यात तुम्ही काय करायचात?"

आबांचं हसू तिथंच विझलं. "जरा पडतो," म्हणून ते उठून आले.

आता डोळा लागतो. पंख्याची कुरकुर हळूहळू फौजी टेलिफोनच्या खरखरीसारखी होते. खाटेच्या कडेला कुणीतरी बसतं. खाट खचते.

"सरक की जरा," राघू साबळे म्हणतो.

राघू चोवीस वर्षांचा आहे. दौलतआबा एकोणऐंशीचे. दोघं एकाच दिवशी भरती झाले होते. दौलतला अक्षर ठाऊक नव्हतं, राघूनंच त्याला बराकीत दारूगोळ्याच्या पेटीवर खडूनं शिकवलं. आणि लढाईच्या सोळाव्या दिवशी राघू गेला.

"म्हातारा झालास की रं, दौल्या."

"तू न्हाई झालास."

"मला कोण हुऊ देतंय?"

राघू उठतो, बसतो, पुन्हा उठतो. त्याला एका जागी राहवत नाही. दौलत त्याच्या मागून जातो. टेबलावरचा काळा पट कडेवरून खाली सांडला आहे, जमिनीवर पसरत चालला आहे. त्यावर पाय ठेवला तर पायाखाली ढेकळं लागतात. पुढे टेकडी. टेकडीच्या पाठीमागे, दहा किलोमीटरवर, दौलतची तोफ. दौलत इथंही आहे आणि तोफेपाशीही. तिथून ही टेकडी त्याला कधी दिसली नव्हती. राघू साहेबांबरोबर इथं बसून, शत्रू हेरून टेलिफोनवर आकडे सांगायचा, आणि त्या आकड्यांवर दौलत नळी लावायचा. शत्रूशी त्याची ओळख तेवढीच.

"पोरीचा खेळ झ्याक हाय," राघू म्हणतो. त्याच्या हातात पुठ्ठ्याचं यान आहे, तो ते उलटंपालटं करतो. "तुम्हा तोफवाल्यांचं बी असंच हुतं. मारायचं, पण बघायचं न्हाई."

त्या दिवशी शेवटचे आकडे राघूनंच दिले. चार तोफांचे चार गोळे सुटले. राघूवर पडला तो त्यातलाच एक, अलीकडे तोकडा पडलेला होता, की पलीकडून आलेला, हे कुणी सांगितलं नाही. कागदावर 'शत्रूचा मारा' असं लिहिलं गेलं. दौलतनं ते अक्षर अक्षर जुळवत स्वतः वाचलं होतं, आणि त्याला ते पटलं नव्हतं.

"राघू, तो गोळा माझा हुता का?"

राघू थांबतो. आल्यापासून पहिल्यांदाच थांबतो.

"मी तुला हेच इचारायला आलो."

"मला?"

"तू तोफेवर हुतास. तुला ठावं असंल म्हटलं."

"मला वाटलं तुला ठावं असंल. पडला तिथं तू हुतास."

"आपल्यावर पडणारा ऐकू येत न्हाई, गड्या. आवाज मागनं येतो."

वारा सुटतो. टेकडीच्या मधोमध बराकीतली पेटी उभी आहे, तिच्यावर खडूनं 'अ' काढलेला. राघू पुन्हा चालू लागतो, पेटीभोवती गरगर फिरतो.

"चौतीस सेकंद गोळा हवेत हुता. तवर तू काय करत हुतास?"

अनुजानं हेच विचारलं तेव्हा उठून खाट गाठता आली. इथून कुठं जाणार?

"हसत हुतो," दौलत म्हणतो. "तोफेवरच्या पवारानं साहेबांची नक्कल केली. गोळा वर, आन् आम्ही खाली पोट धरून हसत हुतो, राघू."

"कुठल्या साहेबांची?"

"आपल्याच. नाकातनं बोलायचे ते."

राघूला फिस्सकन हसू फुटतं. "करून दाव."

"आत्ता?"

"दाव की!"

दौलत नाक दाबून 'फायर' म्हणतो. राघू हसता हसता गुडघ्यांवर वाकतो, डोळे पुसतो. मग तसाच वाकलेला बोलतो, "आकडे पोचलं आन् टेलिफोनची वायर तुटली. तवर मी वर हुतो. मागनं वायर जोडाया उतारावर पळालो. बघ, कसा ते."

तो दौलतचा डावा हात ओढतो आणि तळहातावर बोटानं काढू लागतो. "ही टेकडी. ही वायर. ह्यो मी." बोट उतारावरून पळतं, मनगटावर येतं, तरी थांबत नाही.

"हळू. गोळा कुठं पडला तेवढं दाव."

"अजून पळतोय," राघू म्हणतो.

"राघू!"

"आबा? अहो आबा, चहा." अनुजा कपबशी घेऊन दारात उभी आहे. "कुणाला हाका मारताय?"

आबा उठून बसतात. उशाशी औषधांच्या वेळा लिहायचं पेन आहे, त्याचं टोपण निघालेलं. डाव्या तळहातावर निळ्या शाईचा उंचवटा, आणि त्याच्यावरून सुटलेली एक रेघ मनगट ओलांडून सदऱ्याच्या बाहीत शिरली आहे.

"हे काय काढून ठेवलंत?"

आबा हात पुढे करतात. "बाही वर कर. माझ्याच्यानं होत नाही."

अनुजा कपबशी खाली ठेवते आणि बाही दुमडत जाते. एक दुमड, दुसरी, तिसरी. कोपराच्या जरा अलीकडे रेघ संपते. तिथं ना टिंब आहे, ना फुली.

"संपली इथंच," ती म्हणते. "ओल्या फडक्यानं पुसू का?"

"नको. बस इथं. राघू साबळे म्हणून एक पोरगा होता."

ती बसते. तिचं बोट रेघेच्या टोकावरच राहिलं आहे. ते उचललं तर बोटाला निळं लागलेलं. शाई अजून ओली आहे.