चकलीची शेपटी
भाजणीची चकली तेलात पडल्याचा वास आला की लखनऊचं आमचं क्वार्टर आठवतं. नव्वदीतली दिवाळी, गारठलेली सकाळ, आणि आदल्या दिवशी चारबाग स्टेशनवर उतरलेल्या मामाने आणलेली भाजणी. आईची बोटं संधिवाताने इतकी सुजलेली, की तिला सोऱ्या फिरवता येईना. म्हणून प्रयोगशाळेत प्रथिनांवर काम करणारे बाबा चकल्या पाडायला बसले. एकदा त्यांनी वेटोळं न घालता तीन पट्ट्या शेजारी शेजारी पाडल्या, त्यांवर एक पीळ आडवा ठेवला आणि पुढे शेपटी मोकळी सोडली. "बाबा, ये कैसी चकली है?" मी विचारलं. "मी ज्यावर काम करतो, तेच हे प्रथिन. आईच्या सांध्यात पांढऱ्या पेशींना बोलावतं. त्या आल्या की सूज येते, तरी हे बोलावतच राहतं." "अहो, पण बोलावतं कशाने?" आईने विचारलं. "या शेपटीने." ती चकली तळून जरा निवली तशी आईने वाकड्या बोटांनी शेपटी मोडली आणि तोंडात टाकली. "घ्या, आता बोलावू दे कुणाला बोलावायचंय ते." मी खूप हसले. बाबा मात्र झारा हातात धरून तिच्या बोटांकडे बघत राहिले. हल्ली सकाळी माझीही मूठ वळत नाही. चकली कुणाच्याही घरची असो, मी आधी तिची शेपटी मोडते.